दोन्ही बाजूंचे मास्तर एकाच आखाड्यातले

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा इतिहास सांगणारा माणूस हमखास दोन सालांपाशी रेंगाळतो. पहिले १९१४, जेव्हा अंबादासपंत वैद्य आणि अनंत वैद्य या बंधूंनी मारुतीच्या नावाने ही संस्था उभी केली. दुसरे १९३६, जेव्हा मंडळाचे पथक बर्लिनला गेले. दोन्ही साले अभिमानाची आहेत आणि त्यांच्याविषयी मीही लिहिणार आहे. पण मंडळाने केलेले एक काम असे आहे, की ते पदकांच्या कपाटात दिसत नाही आणि अहवालातही त्याला रकाना नसतो. वऱ्हाडात गावागावांत, शाळाशाळांत, आणि त्याहून जास्त अमरावती आणि अकोला या दोन शहरांत जी चुरस आहे, तिला या मंडळाने मास्तर पुरवले. त्या चुरशीची गोष्ट ही मंडळाचीच गोष्ट आहे, असे मी मानतो.

अमरावती-अकोल्याची स्पर्धा मैदानावर जन्मली नाही. ती कापसाच्या बाजारात होती, रेल्वेत होती, पुढे विद्यापीठांत आली. मुंबईहून नागपूरकडे जाणारी मुख्य रेल्वे अकोल्यातून थेट गेली. अमरावतीला मात्र बडनेऱ्याहून फाटा काढून घ्यावा लागला. १९६९ साली कृषी विद्यापीठ अकोल्याला झाले. त्याला आज पंजाबराव देशमुखांचे नाव आहे, आणि भाऊसाहेब तर अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. अमरावतीकर हे आजही बोलून दाखवतात. मग अमरावतीला विभागाचे मुख्यालय आले, १ मे १९८३ ला विद्यापीठ आले, तेव्हा अकोल्याने मनात नोंद केली. तुमच्याकडे हे, तर आमच्याकडे ते, असा हिशेब दोन्ही गावे ठेवतात. पण सोयरिकी याच दोन गावांत होतात. एकाची आत्या दुसरीकडे, एकाचे दुकान इकडे आणि जिनिंग तिकडे. ज्याच्याशी नाते नाही त्याच्याशी कसली चुरस? इंदूरशी अमरावतीची चुरस नाही, कारण इंदूर आपले कोणी लागत नाही.

अशी चुरस वऱ्हाडाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट पाहिलेल्याला ती समजावून सांगावी लागत नाही. बैलजोडी दौडते काही सेकंद, पण त्या सेकंदांसाठी वर्षभर खुराक घातलेला असतो आणि जोडीमागे अख्खे गाव उभे असते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या तेव्हा पटाच्या गावांत उत्सवच मुका झाला. २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली आणि तीच गावे पुन्हा धुरळ्यात उभी राहिली. जनावराला टोचू नये, मारू नये, या अटी आल्या हे चांगले झाले, असे मी स्पष्ट म्हणतो. अटी पाळूनही पटाची रग कमी झाली नाही. नियमांमुळे चुरस मरते असे म्हणणाऱ्यांनी हे एकदा पाहावे.

वैद्य बंधूंनी काम सुरू केले तो काळ आठवावा. लोकमान्य १९१४ च्या जूनमध्ये मंडालेहून सुटून आले. अमरावतीत दादासाहेब खापर्डे यांचा वाडा टिळकपक्षाचे ठाणे होता. तरुणांच्या अंगात बळ यावे ही त्या वेळच्या राजकारणाचीच एक गरज होती. पुढे राजगुरूंच्या चरित्रातही अमरावतीच्या या आखाड्याचे नाव येते, यात नवल नाही. आखाडे तेव्हाही गावोगाव होते. पण ते वस्तीचे असत, उस्तादाचे असत. उस्तादाचा डाव त्याच्या पठ्ठ्यापाशीच राही, आणि शेजारच्या आखाड्याचा पोरगा आपल्या तांबड्या मातीत उतरला तर तो पाहुणा की प्रतिस्पर्धी हे उस्तादाच्या मर्जीवर ठरे. मिरवणुकीत दोन आखाड्यांची पथके समोरासमोर आली की पट्टा कोणी आधी फिरवायचा यावरून डोकी फुटत.

मंडळाने यात जी वाट काढली ती मला फार मोलाची वाटते. त्यांनी आखाड्याला शाळा केले. डाव सांगायचा, लिहून ठेवायचा, क्रमाने शिकवायचा आणि शिकवणारे घडवायचे. १९२० नंतरच्या दशकात मंडळाचे उन्हाळी वर्ग सुरू झाले. गावोगावचे शिक्षक सुट्टीत अमरावतीला येत. दंड, बैठका, मल्लखांब, लाठी, लेझीम, योगासने, हुतूतू, खो-खो यांचे पाठ घेत आणि जून उजाडला की आपापल्या शाळेत परत जात. येताना ते अकोल्याचे, अचलपूरचे, यवतमाळचे, बुलडाण्याचे असत. जाताना सगळ्यांच्या ओठी एकच शिट्टी असे, आणि लेझमीचा एकच ताल असे. वऱ्हाडातल्या जुन्या शाळांत ज्यांना ड्रिल मास्तर म्हणत, त्यांच्यातले कितीतरी या मैदानावरून गेले. नंतरच्या पिढीत पदविका आणि पदव्या आल्या, महाविद्यालय उभे राहिले, मुलीही मोठ्या संख्येने आल्या. पण मूळ काम तेच राहिले.

हुतूतूचेच पाहा. हा खेळ सगळ्या देशात होता आणि म्हणूनच कुठेच एकसारखा नव्हता. कुठे गडी बाद झाला की समोरचा बाद होईपर्यंत बाहेर बसे आणि मग जिवंत होऊन आत येई, ती संजीवनी. कुठे बाद झालेला गडी सगळा संघ संपेपर्यंत बाहेरच राही, ती गामिनी. कुठे बाद झाला तरी गडी आतच खेळे आणि नुसता गुण लिहिला जाई, ती अमर. आता एका गावाने संजीवनी खेळायची आणि दुसऱ्याने गामिनी, आणि दोन्ही संघ यात्रेच्या दिवशी एका मैदानात उतरायचे. भांडण चढाई सुरू होण्याआधीच! त्यात दमाचा प्रश्न. चढाई करणाऱ्याचा दम मध्यरेषेपाशी तुटला की नाही, हे कोणी ठरवायचे? त्याच्या गावचे लोक म्हणणार टिकला, समोरचे म्हणणार तुटला. ज्या गावाची माणसे जास्त, त्यांचा दम लांब.

साताऱ्यात १९१८ च्या सुमारास नियम बांधायचे प्रयत्न झाले. १९२३ साली बडोद्यात ते छापले गेले आणि तिथेच अखिल भारतीय पातळीवरचे सामने झाले. पुढे संजीवनीचा प्रकार टिकला आणि आजची कबड्डी त्यातूनच आली. पण छापलेले नियम गावापर्यंत आपोआप येत नाहीत. ते कोणी तरी माणूस घेऊन येतो. तो चुन्याने मैदान आखतो, निदानरेषा कुठे आणि राखीव क्षेत्र कुठे हे पोरांना पायांनी चालून दाखवतो, आणि मुख्य म्हणजे आपल्याच गावाच्या गड्याला बाद देतो. हे शेवटचे काम सर्वांत कठीण. पंचाने आपल्या गावाविरुद्ध निर्णय दिला आणि गावाने तो मान्य केला, त्या दिवशी त्या गावात खेळ खऱ्या अर्थाने आला असे समजावे. वऱ्हाडात ही माणसे कुठून आली असतील, तर फार करून याच मंडळातून.

१९३६ साली बर्लिनला ऑलिम्पिक होते. डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली मंडळाचे पथक तिथे गेले आणि भारतीय व्यायाम व खेळांची प्रात्यक्षिके त्यांनी जगातल्या शारीरिक शिक्षणाच्या जाणकारांसमोर केली. मल्लखांब होता, लाठी-लेझीम होती आणि हुतूतूही होता. हिटलरच्या जर्मनीने ते ऑलिम्पिक आपल्या सत्तेच्या दिमाखासाठी भरवले होते. मोठमोठी क्रीडागारे, झेंडे, संचलने. त्याच ऑलिम्पिकात १५ ऑगस्टला ध्यानचंदांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला आठ विरुद्ध एक असे हरवले, ते सगळ्यांना माहीत आहे. त्या झगमगाटात अमरावतीच्या तरुणांनी असा खेळ दाखवला, की ज्याला चेंडू लागत नाही, काठी लागत नाही, जोडे लागत नाहीत. लागते ती जमीन, छातीतला दम आणि समोर सात गडी. शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. समोर कोणी असल्याशिवाय हा खेळ उभाच राहत नाही. कवायत एकट्याने करता येते, दंड एकट्याने काढता येतात. हुतूतूला मात्र विरोधक लागतो, आणि तोही आपल्या तोडीचा.

ज्यांना फुटबॉलच्या चुरशीचे वेड आहे, त्यांना हे नव्याने सांगायला नको. महाराष्ट्रात ते वेड पाहायचे तर कोल्हापूरला जावे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. ही तिथल्या फुटबॉल संघांची नावे आहेत. तालमींची नावे फुटबॉलला कशी, असे बाहेरच्याला वाटते. आखाड्यात वाढलेल्या माणसाला वाटत नाही. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूरच्या पेठापेठांत तालमी फुलल्या, आणि त्याच पेठांनी पुढे चेंडू पायात घेतला. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन झाले, सामने एका छत्राखाली आले. पाटाकडील आणि दिलबहार शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठांतली दुकाने लवकर मिटतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच कोल्हापूरचा. तिथे समर्थकांच्या मारामाऱ्यांनी सामने थांबल्याचेही प्रसंग घडले आहेत, आणि त्याचे दुःख तिथल्या जुन्या खेळाडूंइतके कोणालाच होत नाही.

आणि कोलकाता. मोहन बागान १८८९ चे. १९११ साली अनवाणी पायांनी खेळून त्यांनी गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवले आणि शील्ड जिंकली. ईस्ट बंगाल १९२० चे. पूर्व बंगालातून आलेल्यांचे ते घर झाले, फाळणीनंतर तर अधिकच. १९९७ च्या जुलैत या दोघांचा उपांत्य सामना पाहायला सॉल्ट लेकवर एक लाख तीस हजारांहून जास्त माणसे होती. बायचुंग भुतियाने तीन गोल केले. पण १६ ऑगस्ट १९८० हा दिवसही याच चुरशीचा आहे. ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यात दंगल उसळली आणि १६ प्रेक्षक जिवानिशी गेले. सामना पाहायला गेलेली पोरे घरी परतली नाहीत. चुरशीचे कौतुक करणाऱ्याने हा आकडा विसरता कामा नये.

त्याच शहरात २०२४ च्या ऑगस्टमध्ये काय झाले तेही सांगितले पाहिजे. आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या हत्येने कोलकाता पेटले होते. १८ तारखेचा ड्युरँड चषकातला मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना रद्द झाला. त्या संध्याकाळी दोन्ही संघांचे समर्थक आपापल्या रंगांचे सदरे घालून स्टेडियमबाहेर जमले आणि एकत्र न्याय मागू लागले. शहरातल्या मोहमेडन या तिसऱ्या संघाचे समर्थकही त्यांत होते. शंभर वर्षे एकमेकांना चिडवलेली माणसे एकमेकांना इतकी ओळखत होती, की वेळ आल्यावर खांद्याला खांदा लावून उभे राहायला त्यांना कोणाच्या ओळखीची गरज पडली नाही.

वऱ्हाडात फुटबॉलची अशी परंपरा का झाली नाही, याचे एक कारण पायाखाली आहे. आपली काळी माती कपाशीला सोन्यासारखी, पण चेंडूला नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती बुटाला शेरभर चिकटते. पूर्ण फुटबॉल मैदान बांधून जपायचे म्हणजे मुरूम, पाणी, रोलर, आणि वर्षभर सांभाळणारा माणूस. कबड्डीला तेरा बाय दहा मीटरची जागा पुरते, खळ्याएवढी. ती साफ केली, भुसभुशीत केली, चार दिवे टांगले की गणपतीत किंवा शिवजयंतीला खुल्या सामन्यांची रात्र उभी राहते. पोट्टे पत्र्यावर, भिंतीवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. चढाई करणारा निदानरेषा ओलांडून कोपऱ्याकडे गेला की सगळ्यांचा श्वास त्याच्याबरोबर अडकतो. लोण चढला की वाजंत्री. ज्या संघावर चढला त्यांच्या गावाकडचा कोपरा गप्प.

तरीही फुटबॉल इथे खेळला जातो, आणि आवडीने खेळला जातो. सुब्रोतो मुखर्जी चषकाचे शालेय सामने तालुक्यातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून विभागाला येतात. विभागाच्या सामन्यात अकोल्याची शाळा आणि अमरावतीची शाळा समोर आली, की दोन्ही शहरांचा जुना हिशेब चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या पायांत उतरतो. कृषी विद्यापीठ कोणाचे आणि विभागीय आयुक्त कोणाचा याच्याशी त्या मुलांना काही देणेघेणे नसते. पण गावाचे नाव छातीवर असते, आणि ते पुरते.

अशा सामन्यात मैदानाच्या कडेला पाहावे. दोन्ही संघांचे सर शेजारीशेजारी उभे असतात. पोरे एकमेकांकडे डोळे वटारत असताना हे दोघे जुन्या वसतिगृहाच्या गोष्टी काढतात. पहाटेच्या थंडीत कोणी दांडी मारली होती, मल्लखांबावरून कोण पडले होते. दोघांनाही आपलाच संघ जिंकायला हवा असतो. हरलेल्याला रात्री जेवण जात नाही, हे मी जवळून पाहिले आहे. पण पंचाने शिट्टी दिली आणि एखाद्या पोराने निर्णयावर तोंड उघडले, तर दोन्हीकडून एकाच आवाजात दरडावणी येते. ‘गप रे पोट्ट्या, खेळ!’ तो सूर, ती धाटणी, एकाच मैदानावर शिकलेली असते. अमरावती-अकोल्याची चुरस कधी कोलकात्याच्या १९८० च्या त्या ऑगस्टपर्यंत गेली नाही याचे श्रेय एकट्या मंडळाला देणे बरे नव्हे. पण दोन्ही बाजूंचे मास्तर एकाच आखाड्यातून आलेले असणे, याचा त्यात मोठा वाटा आहे, असा माझा ठाम विश्वास आहे. खेळाडू प्रतिपक्षाचे, समर्थक प्रतिपक्षाचे. शिकवणारे मात्र गुरुबंधू.

म्हणूनच आज एक गोष्ट मनाला लागते, आणि मंडळाच्या इतिहासात ती लिहिली नाही तर इतिहास अपुरा राहील. ज्या शाळांत पूर्वी व्यायामशिक्षक हमखास असे, तिथे आज तो असेलच याची खात्री नाही. कुठे गणिताच्या सरांकडे शिट्टी दिलेली असते, कुठे मैदानावर इमारत आली आहे. संघ तर तयार होतो. मुले मोबाईलवर सामने पाहून डाव शिकतात. प्रो कबड्डीत पुणेरी पलटण आणि यू मुंबा भिडतात तेव्हा वाहिन्यांवरून त्याला ‘महाराष्ट्र डर्बी’ म्हणतात आणि आमची पोरेही तेच म्हणतात, त्यात वाईट काही नाही. पण दूरचित्रवाणी पकड शिकवते, पंचाला मान द्यायला शिकवत नाही. हरल्यावर समोरच्याचा हात हातात घ्यायला एक जिवंत माणूस शेजारी उभा असावा लागतो. वैद्य बंधूंनी अशी माणसे घडवण्यासाठी संस्था काढली. ती माणसे शाळांत नेमली जावीत, यासाठी मंडळाच्या माजी विद्यार्थ्यांनी वऱ्हाडाच्या पाचही जिल्ह्यांत एकत्र आवाज उठवला पाहिजे.

कबड्डीच्या बाबतीत एक धडा २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेने दिला. १९९० पासून सलग सुवर्णपदक घेणारा भारताचा पुरुष संघ इराणकडून उपांत्य सामन्यात हरला, आणि महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणच जिंकला. ज्या खेळाचे प्रात्यक्षिक आपण जगाला दाखवत फिरलो, तो जग शिकले. त्या दिवशी इथे अनेकांना वाईट वाटले. मला मात्र असे वाटले की बर्लिनला गेलेल्या पिढीने ही बातमी वेगळ्या कानांनी ऐकली असती. त्यांनी खेळ दाखवला होता तो दुसऱ्याने शिकावा म्हणूनच.

क्रिकेटमध्ये अमरावती-अकोला या दोन्ही शहरांची पोरे आता देशाला ठाऊक झाली आहेत. जितेश शर्मा अमरावतीचा, अथर्व तायडे अकोल्याचा. दोघेही विदर्भाकडून खेळले, आणि २०२३ साली आयपीएलमध्ये पंजाबच्या एकाच संघात होते. त्या हंगामात अमरावतीच्या पानठेल्यावर अथर्वचे चौकार मोजले जात होते आणि अकोल्यात जितेशचे षटकार.

प्रतिस्पर्ध्यांनी असे एका संघात येणे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात दर वर्षी घडते. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ या पाच जिल्ह्यांतली महाविद्यालये आधी आपसांत लढतात. कबड्डीच्या त्या सामन्यांत अकोल्याच्या चढाईपटूचा घोटा अमरावतीच्या कोपरारक्षकाने असा धरलेला असतो की तो लंगडत बाहेर जातो. मग विद्यापीठाचा संघ निवडला जातो, आणि दोघांचीही नावे एकाच यादीत येतात. सराव शिबिरात सुरुवातीचे दिवस दोघे बोलत नाहीत. नंतर चढाईपटू विचारतो, तू माझा डावा पाय कसा ओळखलास? आणि दुसरा त्याला मैदानावर नेऊन दाखवतो.